पाचशे ग्रॅमाची पंगत

अंबाबाईची आण घेऊन सांगतो, ह्यातला एकूणएक शब्द खरा हाय. कुठं इकडचं तिकडं केलं असंल तर आजपासून माझ्या चहात साखर पडू नये. आन मला साखरेचा आजार हाय, डॉक्टरनं साखर तशीबी बंद केलीया, हे मधी आणू नका. आण ती आण. माझी सून पूर्णिमा म्हणती, "आत्ती, तुमी सांगायला बसला की म्हशीला पंख फुटत्यात." फुटू देत. ह्या गोष्टीत म्हैस एकदाच येती, आन ती जमिनीवरच उभी हाय.

आन मी 'गेलो', 'आलो' म्हणतो म्हणून कुणी दचकू नका. माझी पुण्याची विहीण दर खेपेला सांगती, "अहो ताई, बायकांनी गेले, आले म्हणायचं असतं." म्हटलं, बाई, कोल्हापुरातल्या बायका अशाच जात्यात, अशाच येत्यात, आन मधल्या वेळात चार कामं उरकत्यात. तुमी बसा नीट करत.

तर झालं काय, माझी नात क्रांती एका लग्नाला गेलती, ती येताना ओढणीत मांजराचं पिल्लू घेऊन आली. एवढंसं. कान तेवढे मोठे, बाकी सगळं नुसतं हाडांवर रंग दिल्यासारखं. नाव पण वाटेतच ठेवून झालतं, मोना. रविवारी सकाळी जनावरांच्या डॉक्टरीणबाईकडं नेलं. वजन भरलं चारशे ग्रॅम.

"आठवड्याला शंभर ग्रॅम तरी वाढलं पाहिजे, तर तगंल," त्या म्हणल्या. "उकडलेलं चिकन बारीक करून द्या. मीठ न्हाय, कांदा न्हाय, लसूण न्हाय. आन दूध तर अजिबात न्हाय."

मी खुर्चीत बसलो ते बसलोच. मांजराला दूध न्हाय! उद्या म्हणतील माशाला पाणी दाखवू नका.

सोमवारी क्रांती निघाली कॉलेजच्या शिबिराला. नेसरीला, सात दिवस. घरात स्वतःच्या चादरीची घडी न घालणारी पोरगी तिकडं जाऊन गावचे रस्ते झाडणार हुती. जाताना माझा हात धरून म्हणली, "आजी, मोना तुझ्या जिवावर. तू खाऊ घातलंस म्हंजे मला घोर न्हाय."

आता हे ऐकल्यावर माणूस फुगणारच की. ह्या हातानं मी तीन लेकरं, दोन दीर आन एक कायमचा आजारी सासरा जेवू घातलाय. गल्लीत कुणाची पोर जेवंना की तिला माझ्याकडं आणून बसवायची रीत हाय. माझ्या ताटावरनं उपाशी उठलेला माणूस अजून जन्माला यायचाय. म्हटलं, जा तू. आलीस की तुला हे पिल्लू न्हाय, वाघ दिसंल.

माझा ल्योक अमरसिंह, क्रांतीचा बाप, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत हाय. माल तपासायचं काम. दिवसभर मापं घेऊन घेऊन घरी आल्यावरबी चपातीकडं असा बघतो की पूर्णिमा ती परत लाटून गोल करती. त्येनं पिल्लू उचलून बघितलं आन निकाल दिला. "आई, आमच्यात वजनात न बसलेला माल रिजेक्ट. येत्या रविवारी जिनेंद्रभाऊंच्या दुकानातल्या काट्यावर पाचशे भरलं तर राहील. न्हाय भरलं तर उचगावच्या मित्राच्या गोदामात देतो. तिथं उंदीर तरी धरंल."

ते गोदाम मी बघितलंय. तिथल्या घुशी एवढ्या हायत की एकीनं मला 'जावा पुढं' म्हणून हात केलता. चारशे ग्रॅमाचं पिल्लू तिथं उंदीर धरणार न्हवतं, उंदीर त्येला धरणार हुते. म्हंजे रविवारपर्यंत शंभर ग्रॅम, न्हायतर पिल्लू गेलं, नातीला दिलेला शब्द गेला, आन साठ वर्षांचं माझं नाव गेलं.

सोमवारी चिकन उकडलं. बारीक केलं, फुंकर घालून निववलं, चांदीच्या वाटीत घालून म्होरं ठेवलं. मोनानं त्येच्याकडं असं बघितलं, जसं मुलगी बघायला आलेले पावणं पोह्यांकडं बघत्यात. तोंड फिरवून बसली. दुपारी परत. तोंड भिंतीकडं. संध्याकाळी मासा आणला. माशाला तर तिनं पाठच दाखवली. डॉक्टरीणबाईंनी दिलेलं कसलं तरी पातळ खाणं तेवढं ड्रॉपरनं चार थेंब जात हुतं, त्येच्यावर जीव धरून हुती.

मंगळवारी शेजारची धोंडुबाई आली. धोंडुबाई म्हंजे सल्ल्यांचा नळ. आमच्या गल्लीत पाणी दिवसाआड येतं, पर हा नळ चोवीस तास. पदर खोचून बसली आन म्हणली, "नजर लागली गं तिला. बघ कशी गोरी हाय."

"काळी हाय ती."

"तर! म्हणूनच म्हटलं, एवढी काळी असून गोरी दिसती."

मिरच्या ओवाळून शेगडीत टाकल्या. ठसका पिल्लाला न्हाय, आमाला लागला. पूर्णिमा खोकत खोकत गॅलरीत गेली, समोरच्यांनी विचारलं आग लागली का. मग धोंडुबाईनं दुसरा उपाय काढला. "दूध बंद म्हणजे पिशवीतलं. कट्ट्यावरचं धारोष्ण कुठं बंद केलंय?" आता डॉक्टरीणबाईंनी असं काय म्हटलं न्हवतं, पर त्या उलटं बोलल्याचंबी मला आठवंना. संध्याकाळी कापडी पिशवीत मोनाला घेऊन आमी दोघी दुधाच्या कट्ट्यावर, जिथं म्हशी उभ्या करून गिऱ्हाइकाम्होरंच धार काढत्यात. गवळ्यानं ग्लासात धार काढली, फेस आलेला. मी पिशवीचं तोंड उघडलं. मोनानं दूध बघितलं न्हाय, म्हैस बघितली. आयुष्यात एवढं मोठं काय बघितलं नसणार बिचारीनं. जी उडी मारली ती म्हशीच्या पाठीवर. म्हैस हलली न्हाय, पर तिनं दूध चोरलं. एक थेंब सोडंना. रांगेत ग्लास घेऊन पंधरा माणसं उभी. गवळी मला म्हणला, "मावशी, मांजर घ्या आन चालू लागा." उभ्या कोल्हापुरात दूध न पाजता कट्ट्यावरनं हाकललेली मी पयलीच असंन. धोंडुबाईनं तवर मोनाच्या वाट्याचा ग्लास पिऊन टाकलता.

बुधवार उजाडला. बुधवार म्हंजे आमच्याकडं मटण. धोंडुबाई विचारपूस करायला आली, तिच्यासंगं तिची जाऊ आन दोन सुना. चौघींनी चार उपाय सांगितले, आन सांगता सांगता बारा वाजले. रश्श्याचा वास सुटल्यावर उठून जायला काय त्या येड्या न्हाईत. मग काय, चौघी त्या, मी आन पूर्णिमा, अशा सहाजणी भिंतीकडंनं ओळीनं बसलो. टेबलाला चारच खुर्च्या.

आन बघतो तर काय, मोना पलंगाखालनं बाहेर आली. शेपूट वर. आमच्या ओळीच्या शेवटी, धोंडुबाईच्या धाकट्या सुनेच्या शेजारी जाऊन पुढचे पाय जुळवून बसली. म्होरं बघत. ताटाची वाट बघत असावी तशी.

पूर्णिमानं गंमत म्हणून तिच्या म्होरं द्रोण ठेवला, त्यात सकाळचं उकडलेलं चिकन. मोना खाईना. बसली तशीच. माझ्या तोंडातनं सवयीनं निघालं, "घ्या की, लाजू नका. वाईच घ्या." आन पिल्लानं तोंड घातलं! मटामटा खाल्लं. संपल्यावर परत वर बघितलं. धोंडुबाईनं आग्रह केला, "माझ्या हातनं एक घास!" तोबी खाल्ला. तिसऱ्यांदा आग्रह केला तवा पुढचा पाय द्रोणावर आडवा ठेवला. पुरे म्हणून! अंबाबाईची आण. पूर्णिमाला विचारा. न्हाय, तिला नका विचारू, ती म्हणती पाय सहज पडला.

मी तिथनंच क्रांतीला फोन लावला. नेसरीत रेंज मिळंना म्हणून ती पाण्याच्या टाकीवर चढून बोलत हुती.

"आगं, हे पिल्लू तुला घावलं कुठं?"

"मंगल कार्यालयाच्या मागं, आजी. आचारी सांगत हुता, तिथंच जन्मलंय. पंगत बसली की शेवटच्या पानाशी जाऊन बसायचं, वाढपीच त्येला वाढायचे."

झाला उलगडा! पोरगी कार्यालयात वाढलेली. तिला पंगत माहीत, आग्रह माहीत. चांदीच्या वाटीत एकटीला वाढलेलं म्हंजे तिच्या लेखी अपमान. म्हटलं, बरोबर हाय की तिचं. मलाबी कुणी असं कोपऱ्यात नेऊन वाढलं तर मी जेवीन का?

पर उलगडा झाला म्हणून पोट भरतंय व्हय? गुरुवारी परत पंगत बसवली. धोंडुबाईची जाऊ आली न्हाय, एक सून माहेरी गेली. चौघीच उरलो. मोना आली, ओळीकडं बघितलं, आन परत पलंगाखाली. चार माणसाला ती पंगत मानतच न्हवती. गेल्या चार दिवसांत सगळं मिळून ती एकदाच पोटभर जेवलेली, आन रविवार आला तोंडावर.

ही बातमी तालमीपर्यंत गेली. आमच्या गल्लीच्या तालीम मंडळाचा अध्यक्ष ऋतुराज, वय पस्तीस, दंड माझ्या कमरेएवढा. आला आन पाया पडून म्हणला, "काकू, एवढंच ना? मंडळाची तीस पोरं रोज दोन टायमाला बसतील. मांजरासाठी जीव दिऊ."

"जीव नगं भावा, नुसतं जेवा."

"जेवतो की. काय असंल?"

भात, आमटी, वांग्याची भाजी. मांजराच्या द्रोणात तेवढं चिकन. ह्येच्यावरनं जरा कुरबूर झाली. एकजण म्हणला, "आमाला आमटी आन त्येला चिकन?" ऋतुराजनं त्येला सांगितलं, सत्कारमूर्ती ती हाय, तू न्हवंस.

तीस पैलवान माझ्या हॉलमधी मावणार न्हवते. पंगत गल्लीत बसवायची ठरली. गल्लीत बसवायची म्हंजे रस्ता अडणार, आन रस्ता अडणार म्हंजे परवानगी. एरवी आमच्यात रस्ता अडवायला कुणी विचारत न्हाय, पर मी सरळमार्गी बाई. गेलो वॉर्ड ऑफिसला. तिथं आकाराम म्हणून क्लार्क. चष्म्यावरनं बघत म्हणला, "कार्यक्रमाचं स्वरूप?"

"मांजराला जेवू घालायचंय."

"असा प्रकार फॉर्मात न्हाय. लग्न, बारसं, वाढदिवस, वर्षश्राद्ध. ह्यातलं सांगा."

लग्नाला ती लहान. वर्षश्राद्ध म्हणायला माझी जीभ धजंना. म्हटलं, बारसं लिवा.

"बाळाचं नाव?"

"मोना."

"वडलांचं नाव?"

आता कार्यालयामागच्या बोक्याचं नाव मला काय ठाऊक? रकाना मोकळा सोडला तर फॉर्म परत येतोय म्हणला. घरात पुरुषमाणूस एकच. लिवलं, अमरसिंह.

तुमी म्हणाल, इथं चुकलं. पर मला सांगा, दुसरं काय लिवायला पाहिजे हुतं? आकारामनं शिक्का मारला, "अभिनंदन," म्हणला. मी पण "तुमच्या आशीर्वादानं," म्हणून आलो.

गुरुवारी संध्याकाळी पंगत जोरात झाली. तीसजण, पत्रावळ्या, स्पीकर. मोना शेवटच्या पैलवानाशेजारी बसून दोनदा वाढून घेऊन जेवली. पर ऋतुराजला उत्साह फार. परवानगीचा कागद बघून त्येनं शुक्रवारी सकाळी गल्लीच्या तोंडाला डिजिटल बोर्ड लावला. पंधरा बाय दहा. 'अमरसिंह यांच्या घरी कन्यारत्न! कु. मोना हिच्या नामकरण सोहळ्यानिमित्त हार्दिक शुभेच्छा.' खाली शुभेच्छुक म्हणून तालमीच्या तीसही जणांचे गॉगल घातलेले फोटो. मांजराचा फोटो घालायला जागाच उरली न्हवती.

मला हे संध्याकाळी कळलं. अमरसिंहला सकाळीच कळलं. त्या बोर्डाखालनं गेलेला कोण तरी फौंड्रीतला निघाला, आन शिरोलीला पोचंस्तवर बातमी त्येच्या पुढं पोचलेली. पाळीच्या माणसांनी पेढे मागितले. मालकांनी केबिनमधी बोलवून हात मिळवला, "ह्या वयात, पर हरकत न्हाय," म्हणले, आन झबली-टोपड्याचं पाकीट हातात ठेवलं. माझा ल्योक हातात झबलं घेऊन घरी आला, तवा त्येचा चेहरा भट्टीतनं आत्ताच काढल्यासारखा लाल. पूर्णिमाला मंडईत तीन बायकांनी कंबर दुखते का म्हणून विचारलं, चौथीनं डिंकाचे लाडू दिले.

"आई," अमरसिंह एवढंच म्हणला, "रविवारी पाचशेला एक ग्रॅम कमी भरू दे. एक ग्रॅम." आन झबलं टेबलावर ठेवून आत गेला. मला सांगायला लाज न्हाय, झबलं मोनाला बरोबर बसलं.

पर त्येच्या आवाजावरनं मला कळलं, ह्यो आता काट्यापुढं माझं काय ऐकणार न्हाय. त्या दिवशी मी पिल्लाला मांडीवर घेतलं. बरगड्या अजून बोटाला लागत हुत्या. पोट तेवढं जरा गोल. तिनं माझ्या अंगठ्याला डोकं घासलं आन झोपली. म्हटलं, बाई गं, उद्याच्या दोन पंगती हायत तुझ्याकडं. नीट जेव.

शनिवारी दुपारी पंगत बसली, पानं वाढून झाली, आन गल्लीच्या तोंडाला गाडी थांबली. बोर्डाला परवानगी न्हवती. परवानगी पंगतीची, बोर्डाची न्हवं. गाडीतनं दोघं शिडी घेऊन उतरले, मागनं आकाराम. पंगत बघून जवळ आला, ओळीवरनं नजर फिरवली. "बाळ कुठाय?"

तीस पैलवान खाली मान घालून आमटी बघत बसले. स्पीकरवर सनई चाललेली. मी बोट केलं शेवटाला. झबल्यात बसलेली मोना.

आकारामनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "काकू, हे मांजर हाय."

"मी तुमाला पयल्याच वाक्यात सांगितलतं."

त्येनं आठवून बघितलं. सांगितलतंच की. "फॉर्म रद्द होणार," म्हणला. "पंगत उठवा."

पंगत उठवा! भरल्या पानावरनं! मोनाचा पहिला घासबी गेला न्हवता, आन कार्यालयात वाढलेली ती, पंगत उठली की तीबी उठणार. पर माझं तोंड कुठं थांबतंय? म्हटलं, "उठवतो. पर पावणं, तुमी दारात आलाय दुपारच्या बाराला. दोन घास खाऊन मग उठवा. आमच्या गल्लीत रिकाम्या पोटी कुणी माघारी जात न्हाय."

"मी ड्युटीवर हाय."

"ड्युटीला पोट नसतंय व्हय?"

ऋतुराजनं सरकून जागा केली, दोन पैलवानांनी धरून आदरानं बसवलं. आदरानं म्हंजे उचलूनच. म्होरं पान आलं, वांग्याची भाजी पडली. बाजूला मोना. ती आपली त्येच्याकडं बघत बसलेली, आग्रहाची वाट बघत. आकाराम घास घेणार, तर तिची नजर. ठेवला घास. परत उचलला. परत नजर. शेवटी मान वाकडी करून बारीक आवाजात म्हणला, "घ्या की, मोनाताई."

आन मोनानं तोंड घातलं. आकाराम असा हसला की चष्मा आमटीत पडला. मग त्येनं आग्रह करून करून तिला तीनदा वाढलं, स्वतः चारदा वाढून घेतलं, आन उठताना शेरा मारला, 'प्रत्यक्ष पाहणी केली, कार्यक्रम शांततेत.' बोर्ड तेवढा काढून नेला. त्येचं मला अजिबात दुःख न्हाय. अमरसिंहलाबी न्हाय.

रविवार. सकाळी दहाला सगळी गल्ली जिनेंद्रभाऊंच्या दुकानाम्होरं. जिनेंद्रभाऊ म्हंजे आमच्या चौकातलं किराणा दुकान, माणूस इतका चोख की बेदाणे मोजताना एक जास्त पडला तर काढून घेत्यात आन एक कमी पडला तर घालत्यात. त्येंच्या काट्याला अख्ख्या भागात कुणी कधी बोट दाखवलं न्हाय. क्रांती नेसरीहून एसटीनं थेट तिथंच आलती, पाठीला पिशवी, बुटाला चिखल. नुसतं पिल्लाकडं बघत हुती. अमरसिंह हाताची घडी घालून काट्याच्या आकड्यांवर नजर लावून. झबलं काढून घेतलं त्येनं, त्येचं वजन नगं म्हणून. तपासणीसच तो.

जिनेंद्रभाऊंनी काट्यावर परात ठेवली, आकडा शून्यावर आणला. मोनाला परातीत बसवलं. मी दोन्ही हात पाठीमागं बांधून लांब उभी राहिलो, डोळे मिटून.

"पाचशे बारा," जिनेंद्रभाऊ म्हणले.

तालमीनं काय आरडाओरडा केला म्हणता! चौकातली कबुतरं उडाली. क्रांती माझ्या गळ्यात पडून रडली. अमरसिंहनं आकडा परत बघितला, आन "पास" म्हणून झबलं परत घातलं तिला, स्वतःच्या हातानं. बटणं लावताना मी बघितलं, बारीक हसत हुता. धोंडुबाई सगळ्यांना सांगत सुटली की दृष्ट तिनं काढली म्हणून. आता मोना नऊ महिन्यांची हाय, माझ्या उशीवर झोपती, आन दोन माणसांच्या पंगतीवरबी भागवून घेती. मी आन ती.

झालं. सगळं जसं घडलं तसं सांगितलं. म्हशीचं खरं, फॉर्मचं खरं, आकारामचा चष्मा खरा. पर आण घेतलीया म्हणून जिभेवर एक खडा राहिलाय, तो काढून टाकतो. मी लांब न्हवतो, डोळे मिटलेले न्हवते, आन माझे दोन्ही हातबी पाठीमागं न्हवते. डावा हुता. उजवा परातीच्या काठावर हुता, अंगठा जरा टेकलेला. सकाळीच डॉक्टरीणबाईंकडं गुपचूप तोललेलं पिल्लू चारशे शहाऐंशी हुतं, वरचे सव्वीस माझे.

आन आकडा सांगायच्या आधी जिनेंद्रभाऊंनी बघितलं. अंगठ्याकडं बघितलं, मग क्रांतीकडं, मग पिल्लाकडं. ते वाकले, चष्मा नाकावर सरकवला आन हळूच म्हणले, "काकू, हात काढू नका. पोरगी उडी मारंल."